डॅक घ्यायचाय? आधी हॉलमध्ये टाळी वाजवा

चवथ आटोपून आठवडा झाला असेल. आमच्या फोंड्यातले शेजारी, निवृत्त मास्तर, तिन्हीसांजेला दारात उभे. हातात मोबाइल आणि त्यावर एका चकचकीत काळ्या डबीचं चित्र. "हे बघ रे, याला डॅक म्हणतात. हा लावला की आवाज मऊ होतो, कानाला टोचत नाही. बारा हजार. घेऊ?"

मास्तरांकडे काय काय आहे ते मला ठाऊक होतं. जुना ॲम्प्लिफायर, लाकडी खोक्यांचे दोन स्पीकर, मुलाने वापरून दिलेला लॅपटॉप आणि कॅसेटवरून उतरवून घेतलेली नाट्यसंगीताची तीनेकशे पदं. मी म्हटलं, "घ्या की. पण त्याआधी तुमच्या हॉलच्या मधोमध उभे राहून एक टाळी वाजवा." त्यांनी वाजवली. टाळी संपली तरी मागे पत्र्यावर खडा पडावा तसा 'टिंग्ग' आवाज राहिला. मास्तर माझ्याकडे बघतच राहिले.

पुढचे आठ-दहा दिवस आम्ही दोघांनी जी खटपट केली तिच्यावरून हे लिहितोय. डॅक पहिल्यांदाच घेणाऱ्याने कोणत्या क्रमाने जावं, पैसे कुठे घालावेत आणि कुठे मुळीच घालू नयेत, एवढाच विषय आहे.

डॅक तुमच्या घरात आधीच आहे

डॅक म्हणजे डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर, आकड्यांपासून आवाज तयार करणारं सर्किट. १९८२ साली सीडी बाजारात आली तेव्हापासूनचा हिशेब असा : आवाजाची लाट सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायची आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहून ठेवायचं. वाजवताना या आकड्यांवरून पुन्हा सलग (म्हणजेच ॲनालॉग) लाट तयार करायची, ती विजेच्या रूपात ॲम्पकडे जाते. हे काम तुमचा फोन, लॅपटॉप, टीव्ही, ब्लूटूथ स्पीकर सगळेच करतात, म्हणजे प्रत्येकाच्या पोटात डॅक आहेच. वेगळा डॅक घ्यायचा तो पोटातला डॅक काहीतरी बिघडवत असेल तर, किंवा जोडायला भोकच नसेल तर. आयफोनमधून हेडफोनची पिन २०१६ पासून गेली, नंतर बहुतेक महागड्या अँड्रॉइड फोनांनीही ती काढली. तिथे पर्याय उरत नाही.

पहिली पायरी : गरज आहे का ते तपासा

याला फक्त एक वायर लागते. एका टोकाला साडेतीन मिलिमीटरची हेडफोनची पिन, दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या दोन आरसीए पिना. दीडदोनशे रुपयांत बरी मिळते. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून ती ॲम्पच्या 'ऑक्स' किंवा 'सीडी' लिहिलेल्या सॉकेटला जोडा. लॅपटॉपचा आवाज पूर्ण, ॲम्पचा आवाज रोज ऐकता त्याहून थोडा जास्त, आणि गाणं पॉज. आता स्पीकरला कान लावा.

काहीच ऐकू आलं नाही, तर लॅपटॉपचा डॅक ठीक आहे. वेगळा घेऊन जो फरक पडेल तो बहुतेक कानांना कळणारही नाही. हा लेख इथेच सोडून खोलीबद्दलचा भाग तेवढा वाचलात तरी चालेल.

माउस हलवला की 'किर्र किर्र' येते, पान खाली सरकवलं की तिचा सूर बदलतो : ही लॅपटॉपच्या आतली विजेची धावपळ आवाजात झिरपतेय. इथे बाहेरचा डॅक खरंच कामाला येतो.

तिसरा प्रकार म्हणजे सलग 'हूँऽऽ' अशी घरघर. चार्जर काढा. घरघर गेली का? मग दोष डॅकचा नाही. लॅपटॉपचा चार्जर आणि ॲम्प दोघेही घराच्या अर्थिंगला जोडलेले, त्यात मध्ये ऑडिओची वायर आली की एक गोल पूर्ण होतो आणि ५० हर्ट्झची वीज त्यात फिरत राहते. याला अर्थ लूप म्हणतात. घाईत डॅक मागवणारे इथेच फसतात, कारण यूएसबीच्या वायरीतूनही अर्थिंगची जोडणी पुढे जातेच. नवा डॅक लागतो आणि घरघर जिथल्या तिथे. त्यावर उपाय म्हणून चार्जरची तिसरी पिन तोडणारे लोक मी पाहिलेत. तसं कधीही करू नका, ती पिन जीव वाचवण्यासाठी असते. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, किंवा यूएसबी आयसोलेटर (यूएसबीतली विजेची थेट जोडणी तोडणारी डबी) लावा, किंवा ऑप्टिकल वायर वापरा. ऑप्टिकलमधून उजेड जातो, वीज जात नाही, म्हणून गोल तुटतो.

वीज गेल्यावर घर इन्व्हर्टरवर चालत असेल तर हीच चाचणी इन्व्हर्टर चालू असतानाही करून बघा. स्क्वेअर वेव्हच्या स्वस्त इन्व्हर्टरवर चांगलासा ॲम्पसुद्धा भुंग्यासारखा गुणगुणतो. पावसाळ्यात आपल्याकडे हा अनुभव घरोघरी येतो आणि लोक दोष डॅकला देतात.

मास्तरांकडे किरकिरही निघाली आणि घरघरही.

दुसरी पायरी : आवाज येतो कुठून, जातो कुठे

डॅकचं मॉडेल शोधण्याआधी कागदावर दोन ओळी लिहा. गाणी कुठल्या यंत्रातून येणार? आणि पुढे काय जोडणार : ॲम्प, पॉवर्ड स्पीकर (ज्याच्या पोटातच ॲम्प असतो) की हेडफोन? निम्मी निवड इथेच होते.

टीव्हीवरून ऐकायचं असेल तर टीव्हीच्या मागे 'ऑप्टिकल' लिहिलेलं चौकोनी भोक शोधा. त्याला पुरणारी, ऑप्टिकल आत आणि आरसीए बाहेर अशी छोटी डबी दोन-तीन हजारांच्या आसपास येते, फिओच्या डी-०३-के सारखी. एवढ्या साध्या कामाला जास्त पैसे मोजू नका. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम' करावं लागतं. ते 'डॉल्बी' किंवा 'ऑटो'वर राहिलं तर साधा डॅक एकतर गप्प बसतो किंवा नुसतं फसफसतो. दुसरी गोष्ट माझ्या फजितीची. नव्या ऑप्टिकल वायरीच्या दोन्ही टोकांवर नखाएवढी पारदर्शक प्लॅस्टिकची टोपी असते. मी ती न काढताच वायर भोकात कोंबत बसलो होतो, अर्धा तास. शेवटी बायको म्हणाली, "त्याला काहीतरी लागलंय बघा." ही वायर काटकोनात मुडपू नका, आतला धागा मोडतो.

फोनवरून ऐकणाऱ्यांना यूएसबी-सी डोंगल, म्हणजे एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला हेडफोनचं भोक असलेला वायरीचा तुकडा, पुरतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारापासून कुठेही शे-दीडशेला मिळणारे डोंगल असतात, त्यांपैकी कित्येकांत डॅकच नसतो, नुसती तार असते. ज्या फोनांमधून यूएसबीच्या भोकातून थेट ॲनालॉग आवाज येतो तेवढ्यांवरच ते चालतात, बाकीच्यांवर मुके. वर्णनात 'डॅक आहे' असं स्पष्ट लिहिलेलाच घ्या. ॲपलचा हजाराच्या आसपासचा डोंगल मोजमापात उत्तम आहे आणि किमतीच्या मानाने त्याला तोड नाही. पण बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर त्याचा आवाज निम्म्यावरच अडतो, कारण डोंगलच्या आतला व्हॉल्यूम फोन पूर्ण उघडत नाही. आयफोन १५ पासून पुढच्या फोनांना आणि लॅपटॉपला तो बिनदिक्कत लावा.

लॅपटॉप कायम टेबलावर आणि ॲम्प शेजारी अशी मांडणी असेल तर टेबलावरचा डॅक सोयीचा. टॉपिंग, एसएमएसएल, फिओ, आयफाय या कंपन्यांचे सुरुवातीचे मॉडेल साधारण सात ते पंधरा हजारांच्या पट्ट्यात येतात. इथे जास्तीचे पैसे आवाजापेक्षा सोयींसाठी जातात : रिमोट, मोठं बटण, दोन-तीन इनपुट, हेडफोनचं भोक. या सोयी तुम्हाला हव्या असतील तर जरूर द्या. आवाज दहापट चांगला होईल म्हणून देत असाल तर मात्र थांबा.

तिसरी पायरी : खोक्यावरचे आकडे

खोक्यावर '३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झ, डीएसडी' असं ठळक छापलेलं असतं. त्याकडे काणाडोळा करा. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज धरते. माणसाचा कान तरुणपणी २० पर्यंत जातो, आणि साठी ओलांडलेल्या बहुतेकांना १५च्या वरचं ऐकूच येत नाही. १६ बिटांत ९६ डेसिबलचा पल्ला मावतो. आपल्या हॉलमध्ये पंखा फिरतोय, बाहेर रातकिडे ओरडताहेत, दर दहा मिनिटांनी कुणाची तरी स्कूटर जातेय. एवढा पल्ला तिथे वापरताच येत नाही. २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ एवढं मिळालं की पुरे, आणि आज तेवढं स्वस्तातल्या डॅकमध्येही असतं.

चिपच्या नावावरूनही वाद रंगतात. ईएसएस आणि एकेएम या डॅकच्या चिपा बनवणाऱ्या कंपन्या. ईएसएसची चिप टोचते, एकेएमची मखमली वाटते, वगैरे. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये जपानमधल्या एकेएमच्या कारखान्याला आग लागली, चिपा मिळेनाशा झाल्या आणि अनेक कंपन्यांनी आपल्या मॉडेलांत दुसऱ्या कंपनीच्या चिपा बसवल्या. ही चिप कुणाची हे झाकून ऐकलं तर ओळखणारे फार थोडे. चिपेच्या भोवतीचं सर्किट आणि वीजपुरवठा नीट आहे ना, हे जास्त महत्त्वाचं.

खरोखर वाचायचे आकडे दोनच. लाइन आउटपुट, म्हणजे ॲम्पकडे जाणारा सिग्नल, किती व्होल्ट : २ व्होल्ट हा आज रुळलेला आकडा, डोंगलमध्ये १ व्होल्टच्या आसपास असला तरी ॲम्पला पुरतो. आणि हेडफोन लावणार असाल तर आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे डॅकच्या आतला विजेला होणारा अडथळा : तो हेडफोनच्या इम्पीडन्सच्या आठव्या हिश्शाहून कमी हवा. ३२ ओहमचा हेडफोन असेल तर ४ ओहमच्या खाली.

'मऊ' आवाजाचं काय?

मास्तरांचा मूळ प्रश्न हाच होता, म्हणून इथे जरा थांबतो.

काही डॅक मुद्दाम 'मऊ', 'ॲनालॉगसारखा' म्हणून विकले जातात. त्यांतला एक प्रकार ओव्हरसॅम्पलिंग (लाट तयार करण्याआधी मधले जास्तीचे आकडे भरणं) न करणारा, ज्याला शौकीन लोक 'नॉस' म्हणतात. त्याचा मऊपणा साध्या गणितातून येतो. सीडीच्या फाइलवर अशा डॅकचा आवाज १० किलोहर्ट्झला पाऊण डेसिबल आणि २० किलोहर्ट्झला तीन डेसिबलच्या थोडा वर, इतका खाली झुकतो. म्हणजे ट्रेबल किंचित उतरवल्यासारखं. तेच मास्तरांच्या ॲम्पवरचं ट्रेबलचं बटण एक खाच मागे फिरवून होतं, फुकटात. शिवाय नको असेल तेव्हा पूर्ववत करता येतं.

चांगल्या डॅकला स्वतःचा आवाज नसतो, असं माझं मत आहे. पेटीवादकाने गाणाऱ्याच्या मध्ये मध्ये येऊ नये, तसं डॅकने गाण्याच्या मध्ये येऊ नये. आवाज टोचत असेल तर कारण स्पीकरमध्ये, रेकॉर्डिंगमध्ये किंवा खोलीत शोधावं, आणि गोव्यातल्या नव्या घरांत ते बहुतेक वेळा खोलीतच सापडतं. जुन्या चिरेबंदी घरात वर उतरती मंगळुरी कौलं, लाकडी वासे, कोपऱ्यात भाताची कणगी, आवाजाला विरायला जागा असायची. आता हॉलमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत गुळगुळीत लाद्या, एका बाजूला सरकती काच, सपाट स्लॅब आणि मधे एक काचेचा टीपॉय. तार सप्तकातला सूर या सगळ्यावर आपटून चारही बाजूंनी परत येतो. टाळीमागून आलेला 'टिंग्ग' तोच. अशा खोलीत पन्नास हजारांचा डॅक आणलात तरी गाणं टोचणारच.

करायचं इतकंच : स्पीकर आणि आपली खुर्ची यांच्या मधल्या जमिनीवर जाड सतरंजी किंवा गालिचा, काचेवर जाड कापडाचा चुणीदार पडदा, स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे आणि कानाच्या उंचीवर. मग पुन्हा टाळी वाजवा.

चौथी पायरी : जोडणी

ॲम्पच्या मागे 'फोनो' लिहिलेलं सॉकेट असेल तर त्याला डॅक कधीच लावू नका. ते तबकडीच्या सुईसाठी आहे. तिथे काही मिलिव्होल्ट अपेक्षित असतात आणि खर्ज उचलून धरलेला असतो. २ व्होल्ट तिथे गेले की फाटका, घुमणारा आवाज येतो आणि माणूस डॅक परत करायला निघतो.

लॅपटॉपचा व्हॉल्यूम सहसा पूर्ण ठेवायचा आणि ॲम्पवरून कमीजास्त करायचा. पण जुन्या ॲम्पांना थोडक्या व्होल्टेजची सवय. त्यांचं बटण जरा हललं की दणका, आणि अगदी खालच्या टोकाला डावा-उजवा स्पीकर सारखा वाजत नाही. असं झालं तर लॅपटॉपमधून आवाज थोडा उतरवा. डॅक २४ बिटांचा असला तर त्यात काही गमवावं लागत नाही.

विंडोजमध्ये साउंडच्या सेटिंगमध्ये जाऊन डॅक निवडा, 'एन्हान्समेंट' बंद करा आणि फॉरमॅट २४ बिट, ४४१०० वर ठेवा. विंडोज १० च्या २०१७ मधल्या आवृत्तीपासून बहुतेक यूएसबी डॅक वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात. टेबलावरच्या डॅकला वेगळी ५ व्होल्टची वीज लागत असेल आणि घरघर येत असेल, तर पाच मिनिटं पॉवर बँकेवर चालवून बघा. आवाज शांत झाला तर चार्जर बदला, डॅक नको.

पाचवी पायरी : प्रामाणिकपणे ऐका

दोन डॅक शेजारी ठेवून ऐकताना ज्याचा आवाज किंचित मोठा तोच 'चांगला' वाटतो. एक डेसिबलचा फरकही फसवायला पुरतो, आणि तो मोठेपणा आहे हे कळतही नाही. म्हणून आधी दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या. शक्य असेल तर दुसऱ्याला वायरी बदलायला सांगा आणि आपण पाठ करून बसा. दहापैकी सहा वेळा ओळखलंत तर ते नाणं उडवण्यासारखंच झालं.

कुठली गाणी लावायची? रोजची. मी तीन लावतो. एक घुमट आरतीचं रेकॉर्डिंग, कारण घुमटाचा मातीचा गोल घुमारा आणि कातड्यावरची थाप वेगवेगळी कळायला हवीत. एक पेटी आणि गळा एकत्र असलेलं पद, कारण टोचणं असेल तर पेटीत आधी कळतं. आणि केसरबाई केरकर. आपल्या केरीच्या या बाईंचा गळा १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावरच्या सोनेरी तबकडीतून अवकाशात गेला. त्यांची जुनी रेकॉर्डिंग साडेतीन मिनिटांची, लाखेच्या तबकड्यांवरून उतरवलेली, त्यामुळे खरखर त्यांच्यासोबतच येते. ती फाइलमध्येच आहे, कुठलाही डॅक ती काढणार नाही. पण खरखरीच्या मागे तानेचा एकेक दाणा सुटा ऐकू आला की जोडणी जमली समजा.

एक विसरू नका. गाणी यूट्यूबवरून ऐकत असाल तर ती आधीच दाबून बारीक केलेली असतात. डॅकवर पैसे घालण्याआधी सीडीवरून उतरवलेल्या फाइली किंवा लॉसलेस (काहीही न गाळलेली) गाणी देणारी सेवा वापरून बघा.

खरेदी आणि पाऊस

गोव्यात डॅक ऐकून घ्यायला मिळेल असं दुकान सहज सापडत नाही, बहुतेकांना ऑनलाइनच मागवावं लागतं. भारतातल्या विक्रेत्याकडूनच घ्या. परदेशातून मागवलं की वर सीमाशुल्क भरावं लागतं आणि बिघडल्यावर वॉरंटीसाठी दाद मागायला कुणी नसतं. परतीची मुदत बघा, खोकं उघडताना व्हिडिओ काढा, ॲडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय का ते तपासा.

आपल्या हवेचाही विचार हवा. किनाऱ्याजवळच्या घरांत आरसीएच्या पिनांवर दोन पावसाळ्यांत हिरवट पापुद्रा चढतो आणि एका बाजूचा आवाज मधूनच जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस भिजवून पिना पुसा, पिन सॉकेटमध्ये दोनतीनदा फिरवा, आवाज परत येतो. बंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका. वैशाखात आणि परतीच्या पावसात विजा चमकायला लागल्या की नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग भिंतीतून काढा, आणि डिशची, इंटरनेटची वायरही काढा. माझ्या एका मित्राचा ॲम्प इंटरनेटच्या वायरीतून आलेल्या विजेने जळला. प्लग मात्र त्याने आठवणीने काढला होता.

मास्तरांनी शेवटी काय केलं? बारा हजारांचा डबा घेतलाच नाही. मुलाचा जुना अँड्रॉइड फोन पडून होता, सिम काढलेला. त्यात तीनशे पदं भरली. अँड्रॉइड म्हणून ॲपलचा डोंगल टाळला आणि दुसऱ्या कंपनीचा अडीच हजारांचा घेतला. फोन बॅटरीवर, त्यामुळे घरघर नाही. लॅपटॉप नाही, त्यामुळे किरकिर नाही. उरलेल्या पैशांतून मोठी सतरंजी आणि पडदे. परवा गेलो तेव्हा दारातच म्हणाले, "चपला बाहेर काढ, सतरंजी नवी आहे," आणि आत जाऊन त्यांनी आधी टाळी वाजवून दाखवली.